रूट केल्याचे फायदे, बंद दाराबाहेरून

"बाबा, तुम्ही मला फोन दिलाय, की मला फोनला दिलंय?"

प्रश्न ठिणगीचा होता, हिंमत मात्र मैत्रिणींनी पैजेवर चढवलेली. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, रस्त्यावर ऐकू येईल एवढ्या आवाजात विचारायचं, अशी अट होती. अट घालणाऱ्या दोघी दुकानाच्या पाटीआड उभ्या होत्या. एक अँटेना, कारण ती वर्गात सगळ्यांत उंच आणि शाळेतली कुठलीही बातमी आधी तिलाच लागते. दुसरी कॅसेट. ती एकदा सुरू झाली की बाजू बदलल्याशिवाय थांबत नाही.

ठिणगीने हे वाक्य आरशासमोर चांगलं घोटून घेतलं होतं. पण ती विचारेल तेव्हा बाबा किल्ली कापत असतील, हे काही आरशाने तिला सांगितलं नव्हतं. यंत्र किंचाळत होतं.

"काय?" बाबा म्हणाले.

ठिणगीने वाक्य पुन्हा म्हटलं.

"मोठ्याने बोल."

तिने सगळा जीव घशात आणला, आणि नेमकं त्याच क्षणी बाबांनी यंत्र बंद केलं. "मला फोनला दिलंय" हे शब्द दुकानभर असे घुमले की कुलूप दुरुस्तीला घेऊन आलेल्या आजोबांनी आपली पिशवी छातीशी धरली. पाटीआड अँटेना आणि कॅसेट एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या.

"फोन तुझाच आहे," बाबा शांतपणे किल्लीवरची धूळ फुंकत म्हणाले. त्यांचं हे शांत राहणं ठिणगीला सगळ्यांत जास्त झोंबायचं. समोरचा भांडतच नसेल तर माणसाने आपला राग ठेवायचा कुठे?

"माझा आहे, मग त्यात तुमचा राखणदार का? तो मला काढता का येत नाही? आणि कंपनीने घातलेले ते शेअर बाजारवाले, फळं फोडायचे खेळवाले, तेही निघत नाहीत. माझ्या फोनमध्ये माझाच फोटो ठेवायला जागा नाही."

"घर आपलं असलं तरी खांब काढता येत नाहीत."

"ते खांब नाहीत बाबा, फुकटे भाडेकरू आहेत."

आजोबा हसले. बाबा हसले नाहीत. "रविवारी नव्या इमारतीची मंडळी घरी येणार आहेत," ते म्हणाले. "तोवर माझं डोकं खाऊ नकोस. नंतर सावकाश खा."

ठिणगी पाय आपटत बाहेर आली. पैज जिंकली होती, पण जिंकल्यासारखं काही वाटेना.

राखणदार म्हणजे बाबांनी तिच्या फोनमध्ये बसवलेलं एक ॲप. ठिणगी कुठे आहे ते बाबांच्या फोनवर निळ्या ठिपक्याने दिसायचं. ठरलेली वेळ झाली की त्यातली बाई बोलायची आणि फोन बंद पाडायची. परवा शाळेच्या नाटकाची तालीम होती. ठिणगी राणी. सेनापतीला देशाबाहेर हाकलायचा प्रसंग. ती सिंहासनावरून उठली, हात उगारला, डोळे वटारले, आणि तिच्या खिशातून बाई बोलली, "आता अभ्यासाची वेळ झाली आहे." सेनापती जो हसत खाली बसला तो उठेचना. तेव्हापासून वर्गात कोणीही कुठूनही "आता अभ्यासाची वेळ झाली आहे" म्हणत होतं. गणिताच्या सरांनीसुद्धा एकदा म्हटलं. त्या दिवशी ठिणगीच्या डोक्यातून धूर निघायचा तेवढा राहिला.

बाबांचं मात्र सगळं लक्ष रविवारावर होतं. पलीकडच्या गल्लीत नवी इमारत उभी राहत होती आणि तिच्या प्रत्येक दाराला कुलूप लागणार होतं. ते काम मिळालं असतं तर दुकान सावरलं असतं. कोपऱ्यावर कुलपांचं काचेचं चकचकीत शोरूम उघडल्यापासून बाबांकडे फक्त किल्ली हरवलेले आणि किल्ली मोडलेले लोक येत होते. म्हणून बाबांनी फोनने उघडणाऱ्या नव्या कुलपाची एजन्सी घेतली होती. त्यातलं एक कुलूप नमुना म्हणून शनिवारी आपल्याच घराच्या दाराला बसवलं. आई, बाबा आणि ठिणगी, तिघांच्या फोनवर त्याचं ॲप. बटण दाबलं की दार उघडायचं आणि ओढून घेतलं की आपोआप बंद व्हायचं. बाबांनी शनिवारी संध्याकाळी ते इतक्या वेळा उघडलं आणि लावलं, की आई म्हणाली, "अहो, पुरे. दाराला चक्कर येईल."

इकडे ठिणगीने वेगळीच तयारी चालवली होती. फोन रूट करायचा.

आता रूट करणं म्हणजे काय, हे कुलूपवाल्याच्या मुलीला समजायला कितीसा वेळ लागणार? फोन आपल्याला विकताना कंपनी त्याची मास्टर किल्ली स्वतःकडे ठेवते. आपण आपले हॉलमध्ये वावरायचं; आतल्या खोलीत कोण बसलंय, काय खातंय, ते विचारायचं नाही. रूट केलं की ती मास्टर किल्ली आपल्या हातात येते. मग कोणाला ठेवायचं आणि कोणाला हाकलायचं ते आपण ठरवायचं. ठिणगीला तर हे वाचतानाच आपण पुन्हा सिंहासनावर बसल्यासारखं वाटलं.

घरातले तिन्ही फोन एकाच ऑफरमध्ये घेतलेले, सख्खी तिळी भावंडं. आणि इतके जुने की कंपनीनेही त्यांची विचारपूस सोडली होती. त्यामुळे ते फोडायची युक्ती सगळ्या जगाला माहीत. रविवारी सकाळी आईबाबा घर आवरत होते तेव्हा ठिणगीने हिशेबाच्या जुन्या कॉम्प्युटरला आपला फोन जोडला, सांगितलेली बटणं दाबली आणि श्वास रोखून बसली. फोन काळा पडला. तिचं तोंडही काळं पडलं. मग फोन उजळला आणि पडद्यावर ओळ आली, की आता सर्व अधिकार तुमच्याकडे आहेत.

सर्व अधिकार! घरात कोणी तिला टीव्हीच्या रिमोटचेही अधिकार दिले नव्हते.

तिने शेअर बाजारवाल्याला काढलं. फळं फोडणाऱ्याला काढलं. कुठल्यातरी परक्या शहराचं हवामान सांगत बसणाऱ्याला काढलं. शेवटी राखणदारावर बोट ठेवलं, क्षणभर तसंच धरलं, आणि बाईला कायमची अभ्यासाला पाठवली. पाठीवरचं दप्तर काढल्यासारखा फोन पळायला लागला.

यश पचवणं सोपं नसतं. ठिणगी फोन नाचवत स्वयंपाकघरात गेली.

"आई, तुझ्या फोनमध्ये जागा नाही म्हणून रडत असतेस ना? दे इकडे."

आई रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांचं रक्त काढायचं आणि घरी आल्यावर लेकीने तिचं आटवायचं, असा एकूण व्यवहार होता. "काय करणार आहेस?" तिने ओट्यावरून नजर न हलवता विचारलं.

"साफसफाई. बॅटरी जास्त टिकते, फोन पळतो, नको असलेलं सगळं निघून जातं, आणि नव्या फोनचा खर्च वाचतो. फायदेच फायदे."

"फोटो जाणार नाहीत ना?"

"एकही नाही."

"मग घे, आणि जाताना तो कचऱ्याचा डबाही ने."

फोटो खरंच गेले नाहीत. ठिणगी शब्दाची पक्की होती. आईचा फोन झाल्यावर तिची नजर बाबांच्या फोनवर गेली. बाबा दाढी करत होते. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून तिने विचारलं नाही. दाढी होऊन बाबा बाहेर आले तेव्हा तिन्ही भावंडं टेबलावर शेजारी शेजारी, शहाण्यासारखी पडली होती.

पाहुणे आले. नव्या इमारतीच्या अध्यक्षबाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या नजरेने माणूस आपोआप रांगेत उभा राहायचा. आणि त्यांच्याबरोबर खजिनदार. त्यांच्या चेहऱ्यावर सगळं जग आपल्याला जास्त भाव सांगतंय असं कायमचं लिहिलेलं. बाबांनी आधीच ठरवलं होतं की पाहुण्यांना खाली फाटकापाशी घ्यायला सगळ्यांनी जायचं, म्हणजे वर येऊन दार उघडून दाखवता येईल. तिघं बाहेर पडली आणि बाबांनी दार ओढून घेतलं. टुंग, असा गोड आवाज आला.

"हे बघा, आपोआप झालंय बंद," वर आल्यावर बाबा पाहुण्यांना म्हणाले. "आता किल्ली शोधा, पिशवी उपसा, ही भानगडच नाही. हा फोन. हे बटण."

त्यांनी बटण दाबलं. फोनवर लाल चौकोन आला. बाबांनी चष्मा वर केला, खाली केला आणि वाचलं, "या फोनमध्ये फेरफार झालेला आहे. सुरक्षेच्या कारणास्तव दार उघडता येणार नाही."

खजिनदारांनी मान लांबवून फोनमध्ये डोकावलं.

"कधीकधी रेंज नसते," बाबा म्हणाले. "अगं, तुझा बघ."

आईच्या फोनवर लाल चौकोन आला.

"ठिणगे, तुझा."

ठिणगीने फोन पुढे केला. तिला उत्तर आधीच कळलं होतं. तिसरा लाल चौकोन.

"तिन्ही फोनमध्ये एकदम फेरफार?" अध्यक्षबाईंनी विचारलं. आणि कशी कोण जाणे, त्यांची नजर थेट ठिणगीवर येऊन थांबली. इतकी वर्षं शाळा चालवली होती त्यांनी.

"मी फक्त रूट केलेत," ठिणगी म्हणाली. "त्याचे फायदे..."

"नंतर सांग," बाबा म्हणाले. पाहुण्यांसमोर त्यांचा राग सूटबूट घालून उभा होता, पण टाय आवळत चालला होता.

खजिनदार पुढे सरले. "माझा फोन जोडून बघा की."

जोडून बघितला. ॲपने सांगितलं, नवा फोन जोडायला आधीच्या एका मालकाची परवानगी लागेल. परवानगी द्यायला आधीच्या मालकाचा फोन लागेल. आधीच्या मालकाच्या फोनमध्ये फेरफार झालेला आहे.

"साधी किल्लीही असेल ना याला?" अध्यक्षबाई.

"आहे ना. अडीअडचणीसाठी दिलेली असते."

"मग काढा."

बाबांनी दाराकडे पाहिलं. "आत आहे. किल्ली लागतच नाही हे तुम्हाला दाखवायचं होतं, म्हणून मुद्दाम आत ठेवली."

"बरोबर," खजिनदार म्हणाले. "लागतच नाही."

आईने तोवर कंपनीला फोन लावला होता. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. "मॅडम, फोनशी कोणी छेडछाड केली की आमचं कुलूप मालकालाही आत घेत नाही. हे आमचं वैशिष्ट्य आहे. संध्याकाळपर्यंत माणूस पाठवतो."

"संध्याकाळपर्यंत आम्ही काय करायचं?"

"मॅडम, सुरक्षित राहा."

आईने फोन ठेवला आणि ठिणगीकडे तसं पाहिलं, जसं एरवी ती सुई टोचण्याआधी लोकांकडे बघते.

"अहो, पण तुम्ही स्वतः कुलूपवाले," खजिनदारांना आता मजा यायला लागली होती. "दुनियेची कुलपं उघडता. हेही उघडा."

बाबांच्या खिशात हत्यारांचं छोटं पाकीट कायम असायचं. त्यांचा हात तिथे गेला आणि थांबला. ठिणगीला त्यांची अडचण तत्क्षणी दिसली. कुलूप उघडलं तर कुलूप फालतू ठरणार. नाही उघडलं तर कुलूपवाला फालतू ठरणार.

"हे कुलूप कोणालाच उघडता येत नाही," बाबा शेवटी म्हणाले.

"ते दिसतंच आहे," खजिनदार म्हणाले.

आता मात्र बाबांना राहवलं नाही. त्यांनी पाकीट काढलं आणि गुडघे टेकून दारासमोर बसले. तोच अध्यक्षबाई म्हणाल्या, "थांबा. तुमच्या दुकानात पाटी वाचली मी. घर कोणाचं ते शेजाऱ्याने सांगितल्याशिवाय तुम्ही कुलूप उघडत नाही म्हणे."

"हे माझं घर आहे, बाई."

"नियम सगळ्यांना सारखा."

बाबांचा नियम बाबांच्याच गळ्यात! समोरच्या काकूंना हाक मारली. काकू आधीपासून दाराच्या फटीतून बघतच होत्या, त्यामुळे लगेच हजर झाल्या. "हो हो, यांचंच घर आहे," त्यांनी साक्ष दिली. "रोज भांडणं ऐकते ना, आवाज ओळखते. कालचं भांडण फोनवरूनच होतं. परवाचंही."

"पुरे, काकू," आई म्हणाली.

बाबांनी भोकात बारीक सळई घातली, कान दाराला लावला आणि मनगट हळूच फिरवलं. घाम त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबू लागला. ठिणगीला वाटलं, उघडेल. बाबांच्या हाताला न उघडलेलं कुलूप तिने पाहिलं नव्हतं. आणि मग कुलूप बोंबलायला लागलं. साधं नाही, शाळा सुटल्यावर शंभर पोरांनी एकदम शिट्ट्या फुंकाव्यात तसं. वरच्या मजल्यावरून माणसं वाकली, खालचं कुत्रं भुंकत सुटलं, एक जण तर हातात झाडू घेऊनच आला. अध्यक्षबाई कानावर हात ठेवून काहीतरी म्हणाल्या, पण ते कोणालाच ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने कुलूप थकून गप्प झालं.

"मी काय म्हणत होते," अध्यक्षबाई म्हणाल्या, "आमच्या इमारतीत जवळजवळ प्रत्येक घरात या वयाचं एखादं पोर आहे. रविवारी सकाळी त्यांनाही मोकळा वेळ असतो. नाही हो परवडायचं आम्हाला."

बाबा उठून उभे राहिले. गुडघ्यांवर पांढरी धूळ होती, ती त्यांनी झटकली नाही.

जाता जाता खजिनदार वळले. "तुमच्याकडे साधी लोखंडी कुलपं आहेत ना? पाण्याच्या टाकीच्या झाकणाला एक लागेल. एकच."

ते दोघं खाली गेले. काकूंनी दार लोटलं, पण बंद केलं नाही. आई जिन्याच्या पायरीवर बसली, बाबा तिच्या खालच्या पायरीवर. ठिणगी भिंतीला टेकून उभी राहिली. इतका वेळ सूटबूट घालून ताटकळलेला राग आता मोकळा झाला.

"कोणाला विचारून उघडलास माझा फोन?"

"तुम्ही कोणाला विचारून बसवलात माझ्यात राखणदार?"

"तुझ्यात नाही, फोनमध्ये."

"तेच ते. मी कुठे आहे, कधी आहे, किती वेळ आहे. फोनचा काय संबंध?"

"मी बाप आहे तुझा."

"म्हणजे मास्टर किल्ली तुमच्याकडेच राहणार का?"

"अगं, पण माझं कुलूप तू मला न विचारता फोडलंस," बाबांचा आवाज चढला. "आख्ख्या जन्मात मी कोणाचं कुलूप न विचारता उघडलं नाही. चोर कोणाला म्हणतात? हेच करणाऱ्याला. आणि ते काम गेलं, ठिणगे. तुला कळतंय का, ते काम गेलं."

ठिणगीला कळत होतं. म्हणूनच तिला जास्त राग येत होता. त्यातला निम्मा स्वतःवरचा होता आणि तो कोणावर काढावा हे समजत नव्हतं.

"मला वाटलं सगळ्यांचाच फायदा होईल," ती म्हणाली. "आणि तुमचं कुलूपही मूर्ख आहे. मालकाला चोर म्हणतं."

"ते आहेच मूर्ख," आई म्हणाली. "पण दोघं हळू बोला. काकूंना उद्यापर्यंत पुरेल एवढं ऐकू गेलंय."

फटीतून काकूंचा खोकला ऐकू आला.

बाबा म्हणाले, "मी काय दिवसभर तुझा ठिपका बघत बसतो असं वाटतं तुला? एवढा वेळ असतो माझ्याकडे? शाळा सुटायच्या वेळेला एकदा बघतो. ठिपका दिसला की पुढची किल्ली कापायला घेतो. बस."

"मग फोन करा ना त्या वेळी."

"तू उचलतेस कुठे?"

"कशाला उचलू? ठिपका आहे ना तुमच्याकडे. ठिपक्याशीच बोला."

आई अचानक हसली आणि लगेच तिने तोंडावर हात धरला. बाबांनी तिच्याकडे रागाने पाहिलं. मग जिन्याच्या खिडकीबाहेर पाहिलं. मग ठिणगीकडे पाहिलं, आणि गुडघ्यांवरची धूळ झटकायला लागले.

तो क्षण ठिणगीने बरोबर पकडला. तालमीत हुकूम सोडताना जशी उभी राहायची तशी ती भिंत सोडून जिन्याच्या मधोमध उभी राहिली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "तुमचे दोन्ही फोन मी पूर्वीसारखे करून देणार. ते तुमचे आहेत आणि मी विचारलं नाही, ते चुकलं. माझा मात्र असाच राहणार. या दारासाठी मला साधी किल्ली करून द्या. राखणदार पुन्हा घरात येणार नाही. तुमचा फोन आला की मी पहिल्या रिंगला उचलणार, आणि यापुढे मी कुठे चाललेय ते तुम्हाला कुठला ठिपका सांगणार नाही. मीच सांगणार. खरं खरं, तोंडाने, आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवायचा."

आईबाबांनी एकमेकांकडे पाहिलं. ठिणगीला आपलंच भाषण आवडलं.

"बरं," बाबा हळूच म्हणाले. "कधीपासून?"

ठिणगीने ताठ मानेने दोघांकडे पाहिलं. मग तिचा चेहरा जरा पडला, ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली आणि घाईघाईने काकूंच्या दाराकडे वळली.

"आत्तापासून. मी काकूंच्या बाथरूममध्ये चाललेय."